सात वर्षांचा हात

धंद्यात तिला सगळे 'चालेल' म्हणत. कुणी पाठीमागे म्हणे, कुणी तोंडावर. तोंडावर म्हणणारे पुढे 'ताई' जोडत, एवढाच काय तो फरक. हॉटेलच्या लॉबीत, जेवणाऱ्यांच्या गप्पांत नाक न खुपसता वाजवाल का? चालेल. साबणाच्या जाहिरातीला फेस आल्यासारखं काहीतरी हवंय, तासाभरात? चालेल. नाटकातला व्हायोलिनवाला आजारी पडलाय, आज संध्याकाळी त्याच्या खुर्चीत बसाल का, तालीम मात्र मिळणार नाही? चालेल. कार्टूनमधल्या मांजरीचं रडणं, पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन, एका आजोबांना निरोप देताना त्यांच्याच आवडीचं भलतं उडतं नाचगाणं, तिनं कशालाच कधी नाक मुरडलं नव्हतं.

आणि हो म्हणून वेळ मारून नेणाऱ्यांतली ती नव्हती. स्टुडिओत शिरली की आधी खुर्चीत बसून डावीउजवीकडे हलून बघायची, करकरते का. करकरली तर गुपचूप बदलून घ्यायची. पायांत न वाजणारे बूट, अंगावर न सळसळणारं कापड. निघण्यापूर्वी दोन कोरडी बिस्किटं पोटात, कारण रिकामं पोट गुरगुरतं आणि माइकला ते व्हायोलिनपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. पेटीत तारांचा जादा संच, राळ, पेन्सिल, खोडरबर. तिच्यामुळे टेक वाया गेला असं म्हणायची पाळी तिनं कुणावर आणली नव्हती.

मग ठकू झाली. ठकू अंगानं नाजूक निघाली. जरा वारं लागलं की ताप, जरा ताप आला की आईच्या गळ्याला मिठी, ती सुटायची नाही. त्या काळात आईला काही वेळा 'नाही जमणार' म्हणावं लागलं. या धंद्यात त्याबद्दल कुणी रागावत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतात, बस्स. ठकू शाळेत जायला लागेपर्यंत तिच्याकडे हॉटेलची लॉबी आणि दोन-तीन शिकवण्या एवढंच उरलं होतं. नवऱ्याची चष्म्याच्या दुकानातली नोकरी होती म्हणून घर हललं नाही. पण ती आतून हलली होती. फोन वाजला की हातातली बशी खाली ठेवून धावायची आणि फोन बहुधा शाळेचा निघायचा.

म्हणूनच संगीतकाराचा फोन आला तेव्हा तिनं काम काय आहे हे नीट ऐकायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

संगीतकार वयानं तिच्याहून बराच मोठा. गालात सदान् कदा खोकल्याची गोळी, त्यामुळे बोलणं हळू आणि थोडं ओलसर. स्टुडिओत काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसली होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, जिभेला हाड नसलेली. समोरच्या पडद्यावर एक लहान मुलगी हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभी होती, चित्र थांबवलेलं.

"चित्रपट हिच्यावर आहे," संगीतकार म्हणाला. "सात वर्षांची असल्यापासून मोठी होईपर्यंत. धून एकच आहे, साधी. ही वाढते तशी धूनही वाढते. आणि मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हात हवाय. लहानपणी अडखळणारा हात तोच पुढं सभागृह भरून टाकतो, हे कानाला कळायला हवं. लहानपणाला एक आणि मोठेपणाला दुसरा, असं नको."

"मोठेपणचं मी बघून ठेवलंय," ती म्हणाली. नोटेशन तिनं घरी पाठच केलं होतं. "लहानपणीचं... म्हणजे वाईट वाजवायचं?"

"वाईट वाजवायचं."

"खऱ्या लहान मुलांना बोलावून नाही बघितलं?"

"बोलावलं होतं. माइकसमोर उभी केली की सगळी शहाण्यासारखी वाजवतात," संगीतकार म्हणाला.

"आयाही आल्या होत्या ना बरोबर," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाली. "इथं काचेला नाक लावून उभ्या. पुसता पुसता माझा रुमाल संपला."

तिनं व्हायोलिन उचललं. आयुष्यात इतकं सोपं काम पहिल्यांदाच मिळालंय, असं तिला वाटलं.

पहिल्या टेकमध्ये तिनं दोन सूर खाली लावले आणि एका जागी गज घसरवला. गज म्हणजे ज्याला घोड्याचे केस ताणून बसवलेले असतात ती काठी. ती घसरली की व्हायोलिन शिट्टी मारल्यासारखं किंचाळतं. ते किंचाळणं तिनं अगदी हवं तिथं आणलं. दुसऱ्यात तिनं अजून दोन सूर बिघडवले. तिसऱ्यात ताल चुकवला. वाजवून झाल्यावर काचेपलीकडून हसण्याचा आवाज आला.

"चालेलताई, राग मानू नका, पण हे वाईट वाटत नाहीये. पार्टीत कुणी दारुड्याची नक्कल करून दाखवावी ना, तसं वाटतंय."

संगीतकारानं गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला केली. "तुम्ही चुका करताय," तो म्हणाला. "सुंदर करताय, अगदी मोजूनमापून. पण ही मुलगी चुका करत नाहीये हो. तिला येत नाहीये, एवढंच."

तिनं गज डाव्या हातात घेतला, व्हायोलिन उजव्या खांद्यावर. हातच नवखा झाला की वाजवणं नवखं होईल असा हिशेब. वाजवून झाल्यावर तिनं काचेकडे बघितलं.

"हाताला प्लास्टर घातलेली बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "पण चांगलं वाजवणारी बाई."

संगीतकार तिच्याबरोबर दारापर्यंत आला. हा माणूस ओरडणाऱ्यांतला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. "सोमवारी पुन्हा बसू," तो म्हणाला. "तोवर बघा काही सापडतंय का. नाहीतर वाद्यवृंदातले मुख्य व्हायोलिनवाले आहेत, त्यांनी या कामाबद्दल विचारलंयच. त्यांच्यासाठी लहानपणात काहीतरी तडजोड करीन. पण मग अख्खा चित्रपट त्यांचाच होईल, ते समजून घ्या."

तिला चांगलं समजलं होतं. चित्रपट गेला असता तर बातमीही गेली असती: चालेलताईंना हल्ली जमत नाही. त्यानंतर लॉबी आणि शिकवण्या.

घरी सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. टेबलाखाली ठकू, पुठ्ठ्याच्या खोक्याला खिडक्या पाडत होती.

"झालं का गं काम?"

"नाही झालं. मला वाईट वाजवता येईना."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं शेजारी म्हणत होते ते खोटंच म्हणायचं."

"आई, थट्टा नका ना करू. खरंच अडलंय." तिनं सगळं सांगितलं.

सासूबाईंनी एक शेंग फोडली, दाणे तोंडातच टाकले. "मग ठकूलाच घेऊन जा की. ती किती छान वाईट वाजवते."

"आजी!" टेबलाखालून आवाज आला. "मी वाईट नाही वाजवत. मी अजून लहान वाजवते."

ठकूला तीच शिकवायची. रोज शाळेतून आल्यावर, दूध पिऊन झालं की. ठकू खिडकीपाशी उभी आणि समोर खुर्ची टाकून आई. 'कोपर.' 'मनगट.' 'मान सैल.' 'पाय बघ कुठं गेलाय.' हे ती चिडून म्हणायची नाही, अगदी हळू म्हणायची, पण एकही सोडायची नाही. सोडवत नव्हतं. तिच्याबरोबर वाजवणाऱ्या एकीची मान चाळिशीच्या आत कामातून गेली होती, का, तर लहानपणी कुणी खांदा खाली करायला सांगितलं नाही. चुकीची सवय एकदा अंगात मुरली की निघत नाही. आणि आपण आज गोड बोलून सांगितलं नाही तर उद्या कुणीतरी परकं माणूस चारचौघांत खेकसून सांगेल. ठकूच्या बाबतीत तिला नेहमीच असं दोन पावलं पुढचं दिसायचं. जिना दिसला की पडणं दिसायचं.

त्या दिवशी मात्र ती शिकवायला नाही, शिकायला बसली. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं आणि उचलायचं, असं ठरवून. ठकूनं धडा वाजवला. गजाचा मधला वीतभर भाग तेवढा पुढेमागे होत होता. सूर बारीक, एकसारखे, बरेचसे बरोबर. डोळे सारखे आईकडे.

"तू आज काही बोलत का नाहीयेस?"

"वाजव तू. मी ऐकतेय."

"चुकलं का काही?"

"नाही गं."

"मग बोलत का नाहीयेस?"

शुक्रवारभर ती तसं वाजवून बघत राहिली. बारीक, वीतभर गजात. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. भित्रं वाटत होतं. लहान नव्हतं वाटत. भित्री माणसं कुठल्याही वयाची असतात. रात्रीच्या जेवणात नवरा म्हणाला, "जमलं नाही तर नाही. आकाश कोसळणार आहे का?" त्याला आकाश दिसत होतं, तिला फोन.

शनिवारी ती लॉबीत वाजवायला गेली तर हॉटेलवाल्यांनी फरशीच्या पॉलिशचं काम काढलं होतं. तिला कळवायचं राहून गेलं होतं. ती उलटपावली परत फिरली. इमारतीचा जिना चढत होती तेव्हा वरून व्हायोलिनचा आवाज आला.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर हे कुणाचं पोर? आपल्या मजल्यावर आणखी कुणी शिकायला लागलं आणि आपल्याला पत्ता नाही? दुसरं आलं, शिकवतं कोण याला? गज बघ कसा ओढतंय, नांगर ओढल्यासारखा. गजाला इतकी राळ कुणी लावतं का, तार खरवडतेय नुसती. मग एका वळणावर धून तिच्या कानात पडली आणि तिचा पाय पायरीवरच राहिला. ती चित्रपटातली धून होती. चार दिवस ती घरात घोकत होती, तीच.

आतमध्ये ठकू वाजवत होती. पण ही ठकू तिनं कधी ऐकली नव्हती.

गज या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता आणि टोकाला संपला की सूर अर्धा असतानाच उलटा फिरत होता, बिनदिक्कत. एका तारेवरून दुसरीवर जाताना मध्ये दोन्ही तारा ओरडत होत्या. त्याचं ठकूला काही नव्हतं, दारातून आत जाताना खांदा घासावा तसं ते होऊन जायचं. अवघड सुरापुढे ती थांबत होती. डबकं ओलांडायच्या आधी पोरं थांबतात, अंतर बघतात, तशी. आणि मग तो सूर असा धपकन यायचा, की जिन्याचा कठडा हलावा. तिसऱ्या बोटाचा सूर थोडा खाली लागत होता. दर वेळी तोच सूर, तितकाच खाली. तिला स्टुडिओतल्या आपल्या चुका आठवल्या. कधी इथं, कधी तिथं, वाटेल तशा पेरलेल्या. इथं बोट आखूड होतं आणि ते जिथं पोचत होतं तोच सूर, असं ठकूनं ठरवून टाकलं होतं. तिच्या लेखी चूक झालीच नव्हती. शेवटचा सूर तिनं उरलेला सगळा गज लावून, दाबून, श्वास संपेपर्यंत धरला.

मग ठकूचा आवाज आला. बारीक, पण ऐटीत, समोर स्टुडिओतलं कुणी असावं तसा. "कसं वाटलं, सर? अजून एक घेऊ या का? मला काही घाई नाही हो."

शेजारचे निवृत्त मास्तर पिशवी घेऊन वर येत होते. ते तिच्यापाशी थांबले. "किल्ली विसरलात का?"

"नाही. ऐकतेय."

"अस्सं. आम्ही रोज ऐकतो. तुम्ही बाहेर पडलात की सुरू होतं." त्यांनी आवाज खाली केला. "बरं, रागावू नका, तुमच्यापेक्षा दणदणीत वाजवते."

ते आपल्या दारात गेले. तिनं किल्ली कुलपात घातली. खट् झालं आणि आतला आवाज तोडल्यासारखा थांबला. ती आत जाऊन बूट काढेपर्यंत तो पुन्हा सुरू झाला होता, पण बारीक, वीतभर गजात. ठकू खिडकीपाशी अगदी नीट उभी होती आणि व्हायोलिनकडे नाही, स्वतःच्या कोपराकडे बघत होती.

"आई, बरोबर आहे ना कोपर?"

कोपर बरोबर होतं. खांदा खाली होता, मनगट सरळ, पाय जागच्या जागी. तिनं शिकवलं होतं ते सगळं तिथं उभं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. आणि पाणी प्यायला आत निघून गेली.

रविवारी सकाळी "पाव घेऊन येते" असं सांगून ती बाहेर पडली, दार ओढून घेतलं आणि जिन्यातच खालच्या पायरीवर बसली. फार वाट बघावी लागली नाही. फोन खिशात होता, पण तिनं तो काढला नाही. फोनमध्ये घेतलं असतं तर सूर मिळाले असते. तिला त्या सुरांच्या मागचं काहीतरी हवं होतं आणि ते फोनला कळेल याची तिला खात्री नव्हती. ती गुडघ्यावर बोटं ठेवून बसली आणि ठकूबरोबर थांबत, ठकूबरोबर धपकन उतरत राहिली.

पाठीमागे दार उघडलं. सासूबाई कचऱ्याची बादली घेऊन उभ्या.

"हे काय गं? स्वतःच्या घराबाहेर चोरासारखी?"

"शू. चोरीच करतेय."

सासूबाईंनी दार हलकेच लोटून घेतलं, बादली ठेवली आणि कठडा धरून तिच्या शेजारी टेकल्या. दोघी थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"ही माझ्यासमोर अशी वाजवत नाही, आई."

"ते तुला आत्ता कळलं होय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी घरातच असते की."

"मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? तू म्हणाली असतीस, हो का, बघू, आणि गेली असतीस बघायला." सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "आता पाव घेऊनच ये. नाहीतर पोर विचारेल, एवढा वेळ काय करत होतीस म्हणून."

सोमवारी निघताना तिनं ठकूचं छोटं व्हायोलिन मागितलं. ठकूचे डोळे मोठे झाले. "माझं? कामाला?" मग लगेच मालकीण झाली. "जपून ने. आणि राळ भरपूर लाव. तू कमी लावतेस, मला नाही आवडत."

स्टुडिओत तिनं खुर्ची नाकारली, उभी राहिली. ठकूचं व्हायोलिन तिच्या हनुवटीखाली खेळण्यासारखं दिसत होतं. तिनं पर्समधून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले.

"ताई, कान दुखतोय का?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"नाही. हेडफोनमध्ये माझा आवाज येऊ देऊ नका. नुसते तालाचे ठोके ठेवा."

"मग काय वाजतंय ते तुम्हाला कळणार कसं?"

"नको कळायला."

रेकॉर्डिस्टनं संगीतकाराकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

बोळे घातल्यावर जग लांब गेलं. आयुष्यभर तिनं एकच काम केलं होतं. सूर निघायच्या आधी तो मनात ऐकायचा आणि निघाल्याबरोबर तपासायचा. बोट केसभर खाली पडलं तर समोरच्याला कळायच्या आत ते सरकवायचं. तो पहारेकरी तिनं बाहेर उभा केला. हाडांतून यायची तेवढी घरघर येत होती. पडद्यावर मुलीनं गज उचलला. तिनंही उचलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. संपला, फिरवला. तिसरं बोट आखूड करून ठेवलं, तिथंच, दर वेळी. डबक्यापाशी थांबली. अंतर बघितलं. उतरली. मध्येच कुठंतरी तिला मजा यायला लागली आणि ती आपण आणत नाही आहोत, ती येते आहे, हे कळून ती जराशी दचकली. पण तोवर शेवटचा सूर आला होता. तो तिनं धरून ठेवला, गजाचा शेवटचा केस संपेपर्यंत.

कापूस काढला तेव्हा रेकॉर्डिस्ट हसत नव्हती.

"बाई गं," ती म्हणाली. "कसलं भयंकर वाजवलंय. हिला कुणीतरी मिठी मारा."

संगीतकारानं तो टेक पुन्हा ऐकला, डोळे मिटून. "ही पुढं वाजवणार," तो म्हणाला. "आत्ता येत नाहीये, पण ही सोडणार नाही, हे ऐकू येतंय." मग तिच्याकडे वळला. "वाद्यवृंदवाल्यांना मी आज कळवून टाकतो. चित्रपट तुमचा."

ती खुर्चीत बसली. खुर्ची करकरली. कुणाचं लक्ष नव्हतं, तिचंही नाही.

"दमला नसाल तर पुढचा तुकडाही बघून ठेवू," संगीतकार म्हणाला. "आज घ्यायलाच हवा असं नाही. हा जास्त अवघड आहे."

पडद्यावर तीच मुलगी, आता दहा-अकरा वर्षांची. खोलीत एकटी वाजवतेय. दार उघडतं. वडील येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत. हाताची घडी घालून बघत राहतात, प्रेमानंच. मुलगी वाजवत राहते.

"दार उघडेपर्यंत ती मोकळी आहे," संगीतकार म्हणाला. "तिथून पुढं वाजवणं बदलायला हवं. चुकायचं नाही. उलट जास्त बरोबर यायला हवं. पण काहीतरी जायला हवं त्यातून. कसं, ते मलाही सांगता येत नाहीये. घरी न्या, विचार करा."

ती पडद्याकडे बघत होती. वडिलांचा चेहरा चांगला होता. मुलीला काही लागू नये, कुठं चुकू नये, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

"घरी नको न्यायला," ती म्हणाली. "आत्ताच घेऊ."

तिनं स्वतःचं व्हायोलिन काढलं. कापूस नको होता. दार उघडेपर्यंत गज टोकापासून टोकापर्यंत गेला. दार उघडलं आणि तो वीतभरावर आला. सूर बारीक झाले, एकसारखे झाले, एकूणएक बरोबर लागले. कोपर खाली, मनगट सरळ. ती नोटेशनकडे बघत नव्हती. ती आपल्या कोपराकडे बघत होती.

पहिल्याच टेकला झालं. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून दोन्ही अंगठे वर केले. "जपून ठेवायला अजून एक देता का, ताई?" तिनं अजून एक दिला. तो पहिल्यासारखाच आला, केसाचाही फरक नाही. तिसरा मागितला असता तर तोही आला असता, चौथाही. ते तिच्या हातात तयारच होतं.

"हे कुठून काढलंत हो?" संगीतकारानं विचारलं.

"शिकवते ना मी," ती म्हणाली.

दहा मिनिटांची सुट्टी झाली. ती बाहेरच्या अरुंद गल्लीत आली, जिथं केबलींची वेटोळी आणि घड्या केलेले स्टँड भिंतीला टेकून ठेवले होते. तिथं उभं राहून तिनं घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"काम मिळालं, आई. अख्खं."

"मिळणारच होतं. थांब, पोरीला बोलावते. आज शाळा लवकर सुटलीय, खेळतेय आत."

"तिचं व्हायोलिन तर माझ्याकडे आहे. काय खेळतेय?"

"तुझं लहानपणचं घेतलंय, माळ्यावरचं. तिच्याएवढंच आहे ते. खांद्यावर राहीना म्हणून उशी लावलीय, मान वाकडी करून वाजवतेय. खांदा तर कानाला टेकलाय नुसता."

खांदा कानाला टेकलेला तिला स्पष्ट दिसला. मानेची शीर दिसली. तिच्या तोंडात शब्द आला होता.

"बोलावू का?" सासूबाईंनी विचारलं.

"नको."

"अगं, तिला सांग तरी. खूश होईल."

"आल्यावर सांगते. फोन तिथंच ठेवा, आई. टेबलावर. आणि दार जरा लोटून घ्या, तिला कळू नका देऊ."

"काय बाई एकेक," सासूबाई पुटपुटल्या. फोन लाकडावर टेकल्याचा आवाज आला, चपला दूर गेल्या. मग लांबून, उशीच्या आणि भिंतीच्या आडून, नांगर ओढल्यासारखा पहिला सूर आला.

तिनं दुसऱ्या कानावर हात ठेवला. आतून रेकॉर्डिस्टनं हाक मारली, "ताई, यायचं ना?" तिनं मागे न बघता हात वर केला आणि तो तसाच धरून ठेवला, थांबा म्हणून.